शिडी, कुंपण आणि विश्वास

नाशिकमध्ये इंजिनिअरिंग करतो आणि शरणपूर रोड माहीत नाही, असा प्राणी सापडणं कठीण. क्लास त्याच रस्त्याला, झेरॉक्स त्याच रस्त्याला, वाढदिवसाची पार्टीही फार लांब नाही. पण हे ‘शरणपूर’ नाव कुठून आलं, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तर मित्रांनो, १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने तेव्हाच्या नाशिक गावाबाहेर एक वस्ती वसवली. विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे मिशनरी ती चालवत. धर्म बदलला म्हणून घरातून बाहेर पडावं लागलेली माणसं तिथे होती, अनाथ मुलं होती आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलंसुद्धा होती. होय, आपल्या नाशकात! ती इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. प्रसिद्ध संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याच्या शवाबरोबर १८७४ मध्ये थेट इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेचा विद्यार्थी. पुढे १८७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसवलं, तेव्हा नाशिकला शिकलेली बरीच मंडळी तिकडे गेली. थोडक्यात, ज्याला कुठेच जागा नाही त्याने शरण यावं असं पूर, म्हणून शरणपूर.

आता प्रश्न असा, की एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या रक्ताच्या माणसांना एका पंगतीला बसवायचं कशाच्या जोरावर? हा प्रश्न शरणपूरचा नाही. ख्रिस्ती धर्माच्या अगदी पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत यावरूनच त्यांच्यात मोठं भांडण झालं होतं. त्या भांडणातून तीन शब्द पुढे आले आणि दोन हजार वर्षं ते गाजत राहिले : नियम, नीतिमत्त्व आणि विश्वास.

कट्ट्यावर हा विषय निघाला की एक डायलॉग हमखास ऐकू येतो : “ख्रिश्चनांचं बरंय यार, नुसता विश्वास ठेवला की सगळं माफ! मग काय, करा मज्जा!” माझ्या घरी वारकरी वातावरण, त्यामुळे मलाही हे प्रकरण बाहेरूनच माहीत. पण आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईचं पुस्तक वाचल्यावर वाटलं, की हा डायलॉग किती खरा आणि किती खोटा हे एकदा नीट बघायला हवं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी शब्द समजून घेऊ

मराठी बायबलमध्ये ‘नियमशास्त्र’ असा शब्द येतो. मोशेच्या हातून इस्राएल लोकांना मिळालेले नियम, ते नियमशास्त्र. ज्यू परंपरेत त्यांची संख्या ६१३ मोजतात. खून करू नको, चोरी करू नको हे त्यात आहेच; पण शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, काम करू नये, काय खावं आणि काय खाऊ नये, मुलाची सुंता करावी, हेही त्यातच आहे.

दुसरा शब्द ‘नीतिमत्त्व’. आपल्याला वाटतं नीतिमान म्हणजे सज्जन, पापभीरू माणूस. पण मूळ ग्रीक शब्दाला कोर्टाचा वास आहे. न्यायाधीशाने “हा बरोबर आहे, याच्यावर काही दोष राहिला नाही” असा निकाल द्यावा, तसा. म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी आणि नात्याचा जास्त : देवासमोर मी ‘बरोबर’ ठरतो का, आणि कशाने?

तिसरा शब्द ‘विश्वास’. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. विश्वास म्हणजे “देव आहे असं मला वाटतं” एवढंच नाही. त्या ग्रीक शब्दात भरवसा आहे आणि निष्ठाही आहे. पूल मजबूत आहे हे कागदावर मान्य करणं वेगळं आणि त्याच्यावरून गाडी नेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला ते लोक विश्वास म्हणतात.

पंगतीवरून झालेलं भांडण

पौल हा तार्सस गावचा ज्यू. परूशी पंथाचा, म्हणजे नियम काटेकोरपणे पाळणारा. आधी त्याने येशूच्या अनुयायांचा छळ केला आणि मग तोच त्यांच्यातला सगळ्यात मोठा प्रचारक झाला. त्याच्यामुळे ज्यू नसलेली मंडळी मोठ्या संख्येने यायला लागली. मग प्रश्न उभा राहिला : या लोकांनी आधी ज्यू व्हायचं का? सुंता करायची का? खाण्यापिण्याचे नियम पाळायचे का?

अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. तिथे येशूचा खास शिष्य पेत्र परजातीच्या लोकांबरोबर एका पंगतीला जेवत असे. पण यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठून वेगळा बसायला लागला. त्याचं बघून इतरही उठले. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर खडसावलं. ही हकिकत पौलाने स्वतःच गलतीकरांस पत्रात लिहून ठेवली आहे. आणि याच प्रसंगाला लागून तो आपला प्रसिद्ध मुद्दा मांडतो, की माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातल्या कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने.

बघा हं, एवढा मोठा सिद्धान्त, पण जन्मला कुठे? कोण कुणाबरोबर जेवतो या प्रश्नात! आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगायची गरज नाही. पंक्तिभेद हा शब्द आपल्याकडे तयारच आहे.

पौलाचा युक्तिवाद इंजिनिअरच्या डोक्याला पटेल असा आहे. तो म्हणतो, अब्राहाम हा आपल्या सगळ्यांचा मूळपुरुष. देवाने त्याला नीतिमान धरलं ते केव्हा? उत्पत्तीच्या पुस्तकात ते १५ व्या अध्यायात येतं. सुंता कधी झाली? १७ व्या अध्यायात. म्हणजे निकाल आधी लागला आणि खूण नंतर आली. मग जी गोष्ट निकालानंतर आली, ती निकालाची अट कशी असेल? सरळ क्रमाचा मुद्दा आहे.

पौलाचं हे म्हणणं पुढे लोकांनी दोन तऱ्हेने वाचलं. एकांनी म्हटलं, पौल ‘शिडी’च्या विरुद्ध बोलतोय. दुसऱ्यांनी म्हटलं, तो ‘कुंपणा’च्या विरुद्ध बोलतोय. हे दोन शब्द माझे, पण दोन्ही बाजू समजायला ते सोपे पडतात. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची उदाहरणं आपल्या मराठी मुलुखात मिळतात. दोन्ही बायका आणि दोन्ही एकाच काळातल्या.

शिडी : पंडिता रमाबाई

शिडी म्हणजे काय? एकेक पुण्य करत, एकेक नियम पाळत वर चढायचं आणि शेवटच्या पायरीला देव भेटेल अशी आशा धरायची. जर्मनीत मार्टिन लूथर (१४८३ ते १५४६) हा संन्यासी असाच चढत होता. उपास, जागरणं, तासन् तास पापांची कबुली... पण “आता पुरेसं झालं” असं त्याला कधी वाटेचना. मग पौलाचं रोमकरांस पत्र वाचताना त्याला वाटलं, देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव ज्याने शिक्षा करतो ते नाही, तर देव जे माणसाला फुकट देतो ते. १५१७ नंतर युरोपात जी धर्मसुधारणा झाली तिच्या मुळाशी हा विचार होता.

आता इकडे बघा. रमाबाई डोंगरे यांचं बालपण तीर्थयात्रेत गेलं. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान. पुराण सांगत, दानधर्म करत, व्रतं-उपास करत सगळं कुटुंब देशभर पायी फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेले भाऊ-बहीण चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, तिथे या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पुढे वैधव्य, मग इंग्लंड आणि १८८३ मध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं जास्त महत्त्वाचं. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. त्यात त्या सांगतात, की बाप्तिस्मा झाल्यावरही सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नाही! म्हणजे धर्म बदलला, प्रार्थना बदलल्या, पुस्तक बदललं, पण आतली शिडी तीच राहिली. आधी तीर्थयात्रेच्या पायऱ्या होत्या, आता चर्चच्या पायऱ्या. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूच्या आत्मचरित्राने त्यांना हा धक्का दिला. हा हॅस्लम आधी धर्मगुरू झाला आणि स्वतःला खरा विश्वास बऱ्याच उशिरा आला, असं सांगणारा माणूस.

इथे मला आपली ग्रेस मार्कांची गोष्ट आठवते. ‘ग्रेस’ म्हणजेच कृपा! पण आपले ग्रेस मार्क कुणाला मिळतात? काठावर अडकलेल्याला. दोन-चार मार्क कमी पडलेत, बाकीचे त्याने कमावलेत, अशाला. पेपर कोरा ठेवणाऱ्याला कुणी ग्रेस देत नाही. पौल जी कृपा म्हणतो ती बरोबर याच्या उलट आहे. त्याच्या मते काठावर कुणीच नाही. परूशी पौलसुद्धा नाही. सगळे सारखेच नापास, म्हणून सगळ्यांना सारखीच देणगी. आपण ३८ वर आहोत आणि शेजारचा १२ वर आहे, ही ऐट तिथे चालत नाही. विश्वास म्हणजे ती देणगी घ्यायला पुढे केलेला रिकामा हात. हातात आधीच आपली गुणपत्रिका धरलेली असेल तर देणगी घेणार कशात?

कुंपण : लक्ष्मीबाई टिळक

आता दुसरं वाचन. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स नावाच्या अभ्यासकाने पौलावर आणि त्या काळच्या ज्यू धर्मावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं, ज्यू लोक नियम पाळून देव ‘विकत’ घेत होते हे चित्रच चुकीचं आहे. देवाने आपल्याला आधी निवडलं, नियम पाळणं हे त्या निवडीला दिलेलं उत्तर, असंच ते मानत. म्हणजे कृपा त्यांच्याकडेही होती. मग पौलाचा राग कशावर? १९८० च्या दशकात जेम्स डन याने उत्तर दिलं : सुंता, खाणं, शब्बाथ हे जे नियम ‘आपले’ आणि ‘परके’ वेगळे पाडतात, त्यांच्यावर. शिडीवर नव्हे, कुंपणावर.

हे कळायला जलालपूरला चला. गोदावरीकाठचं हे नाशिकजवळचं गाव. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला, १८६८ चा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलं. आपल्या लायब्ररीत नसेल तर मागवायला लावा. एवढं हसवणारं आणि डोळ्यांत पाणी आणणारं मराठी पुस्तक क्वचितच मिळेल.

त्यांचे वडील, नाना गोखले, यांच्या सोवळ्याचं वर्णन त्यात आहे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांचं सोवळं वाढतच गेलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. धान्य तर धान्य, मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर उरणार काय? वाचताना हसू येतं, पण लक्षात घ्या, हा माणूस वाईट नव्हता. भीती वाटत होती म्हणून तो कुंपण उंच करत होता, आणि त्या उंच कुंपणाच्या आत त्याची स्वतःची बायको-मुलंच कोंडली जात होती.

लक्ष्मीबाईंचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक मोठे कवी, काही काळ नाशकातच गणेशशास्त्री लेल्यांकडे शिकलेले. १८९३ मध्ये नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले आणि १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाश कोसळलं. पती-पत्नी काही वर्षं वेगळी राहिली.

मग लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) टिळकांकडे परत आल्या, पण आपलं सोवळं आणि आपली चूल सांभाळून. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, एकाच संसारात दोन स्वयंपाक! टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतलं, की हे जातिभेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेले आहेत. तेव्हा यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. हे आधी झालं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रमाबाईंनी आधी धर्म स्वीकारला आणि शिडी पुढे सुटली. लक्ष्मीबाईंचं कुंपण आधी पडलं आणि धर्म नंतर आला. कुठलाही ग्रंथ न घोकता, स्वयंपाकघरात उभं राहून या बाईने अंत्युखियाच्या पंगतीचा प्रश्न सोडवला.

आता थोडं घरचं. आमच्या गावच्या घरी ओसरीवरच्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असायचा. शेतावर कामाला येणाऱ्या काही ठरावीक माणसांना त्याच कपात चहा. घरातलं कुणी त्याबद्दल बोलत नसे, कुणी चिडतही नसे. आजी तर कुणालाही उपाशी परत न पाठवणारी, हरिपाठ चुकवायची नाही. एकदा मी तिला विचारलं, “आजी, विठ्ठलाच्या देवळात सगळे एकमेकांच्या पाया पडतात ना, मग हा कप वेगळा का?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “रीत आहे बाबा.” आता आजी नाही, तो कपही नाही. पण ‘नियमशास्त्रातली कर्मं’ हे शब्द वाचले की मला ६१३ आज्ञा दिसत नाहीत, तो कोनाडा दिसतो.

मग नियम सगळे मोडीत?

आता कट्ट्यावरच्या डायलॉगकडे येऊ. विश्वास ठेवला की मोकळे, करा मज्जा? हा प्रश्न पौलाच्या काळातही लोक विचारत होते. रोमकरांस पत्रात त्याने तो स्वतःच उभा केला आहे : कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहायचं का? आणि त्याचं उत्तर ठाम नकाराचं आहे.

मेकॅनिकलवाल्यांना सांगायचं तर नियम म्हणजे गो–नो-गो गेज. जॉबच्या भोकात गेज घालून बघितलं की माप बरोबर की चूक हे लगेच कळतं. पण चुकलेला जॉब गेज दुरुस्त करतं का? नाही. शंभर वेळा गेज घातलं तरी भोक तेवढंच राहणार. म्हणून कुणी गेज फेकून देतं का? तेही नाही. पौल म्हणतो, नियमाने पाप काय हे कळतं, पण पाप दूर करायची ताकद नियमात नाही. आणि येशूने तर डोंगरावरच्या प्रवचनात टॉलरन्स आणखी कडक केला : खून न करणं पुरेसं नाही, मनातला रागही मोजला जाईल!

याच नव्या करारात याकोबाचं पत्र आहे. ते म्हणतं, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो. म्हणजे पौलाच्या बरोबर उलट? लूथरला हे पत्र इतकं खटकलं, की १५२२ मध्ये त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. पण नीट बघितलं तर दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. पौल अब्राहामाचा १५ वा अध्याय घेतो, याकोब २२ वा, जिथे अब्राहाम आपल्या मुलाचं अर्पण करायला निघतो. पौलाचा प्रश्न : आत प्रवेश कशाने मिळतो? याकोबाचा प्रश्न : आत आलेला माणूस ओळखायचा कसा? उपाशी माणसाला “जा, पोटभर जेव” असं म्हणून हात हलवत पाठवलं तर तुझा विश्वास काय कामाचा, असं याकोब विचारतो. म्हणजे पुन्हा जेवणच आलं!

रमाबाईंचं आयुष्य याचं चांगलं उत्तर आहे. काम त्या आधीही करत होत्या. १८८९ मध्ये शारदा सदन काढलं होतंच. पण शिडी सुटल्यावर काम थांबलं नाही, उलट वाढलं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं. आणखी एक गंमत : ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या. इंग्लंडमधल्या त्यांच्या हितचिंतकांना त्यात जातीचा गर्व दिसला. रमाबाईंनी मानलं नाही. म्हणजे तोच नियम एकाच्या हातात कुंपण असतो आणि दुसऱ्याच्या हातात नुसती साधी सवय. नियमाकडे बघून हे कळत नाही. त्या नियमामुळे कोण पंगतीतून उठलं, हे बघावं लागतं.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातही हे भांडण चारशे-साडेचारशे वर्षं चाललं. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपली बाजू ठरवली : कृपा आधी, पण माणसाने तिला साथ द्यायची आणि माणूस आतून खरोखर बदलायचा. दोन्हीकडून एकमेकांना शिव्याशापही झाले. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन चर्चनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सार एवढंच : माणूस देवाला मान्य होतो तो कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नाही, आणि ती कृपाच त्याला चांगल्या कामाला लावते. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. आपल्याकडे शरणपूरचं सेंट अँड्र्यूज चर्च प्रॉटेस्टंट परंपरेतलं आणि नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर कॅथलिकांचं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला तुफान गर्दी असते, त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात, नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात. मेणबत्ती ही किंमत नाही, आभार आहे, यावर आता दोन्ही चर्चचं एकमत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

कुंपण पुन्हा उगवतं

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण कुंपणाचं एक असतं. तोडलं तरी मुळं राहतात. चर्चमध्ये आल्यावर जात गेली का? सगळीकडे नाही. भारतातल्या कितीतरी चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, लग्नं जातीतच, हे चालत राहिलं. ज्यांनी पौलाचं पत्र रविवारी वाचलं, त्यांनीच सोमवारी पंगत वेगळी मांडली. म्हणजे पेत्राची चूक दोन हजार वर्षं चालूच आहे.

दुसरं कुंपण मिशनचं. आमच्यात यायचं तर आमची पद्धत, आमचा पोशाख, आमचं गाणं. टिळकांना हे टोचत होतं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. तो पूल मोडायला ते तयार नव्हते. म्हणून ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग-ओव्या आणल्या. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे सारखेच येऊ शकत होते. विचार करा, ज्या बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी घरदार पणाला लावलं, तो बाप्तिस्माच कुंपण होतोय असं दिसल्यावर ते त्याच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले. १९१९ मध्ये ते गेले, त्यामुळे दरबार फार फुलला नाही. पण घर मात्र दरबारासारखंच होतं. कितीतरी निराधार मुलं तिथे वाढली. बालकवी ठोंबरे टिळकांकडे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं आणि ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये नाशिकलाच वारल्या. जलालपूरपासून काही मैलांवर, पण मीठ धुणाऱ्या घरापासून केवढ्या लांब!

तेव्हा कट्ट्यावरच्या डायलॉगचं उत्तर माझ्यापुरतं असं : विश्वास म्हणजे नियमांना सुट्टी नाही. नियमांकडून जे काम होणार नाही, ते त्यांच्याकडून करून घ्यायचं थांबवणं म्हणजे विश्वास. नियमाने मी शेजाऱ्यापेक्षा वर चढत नाही आणि नियमाने शेजारी माझ्यापेक्षा बाहेरचा ठरत नाही. हे पटायला ख्रिस्ती व्हावं लागत नाही. चोखोबांना देवळाबाहेर का राहावं लागलं, हा प्रश्न ज्याला कधी पडला असेल त्याला पौलाचा राग कळतो.

आणि आपल्या वयाला यातली शिडी जास्त लागू आहे. पॉइंटर, प्लेसमेंट, पॅकेज... एकेक पायरी चढलो की आपण ‘बरोबर’ ठरू, असं आपण सगळेच धरून चाललोय. इयर डाउन झालेला आपला एखादा मित्र हॉस्टेलच्या मेसमध्ये हल्ली कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवतो, कारण त्याला वाटतं आपण आता यांच्यातले राहिलो नाही. त्याला पौल, लूथर काही सांगायला जाऊ नका. आपलं ताट उचला आणि त्याच्या टेबलावर जाऊन बसा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी